पवनचक्कीची हाक

रविवार, १९ नोव्हेंबर

चि. खारू हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरत जा, आपण काही आता खार राहिलेलो नाही. मेव्हण्यांचा खोकला गेला असेल. माझं बरं चाललंय. डोळ्यांतून पाणी येतं, पण ते वयाचं. भूक लागते. कवळी नीट बसत नाही, तर तिला पेल्यात ठेवून जेवतो, कोण बघायला आहे?

तुझे फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. फोन लांब होता असं नाही, मांडीवरच होता आणि थरथरत होता. पण तुझ्याशी बोलायला लागलो की माझं म्हणणं तुझ्या बोलण्यात साखरेसारखं विरघळून जातं, आणि शेवटी मीच 'बरं बरं' म्हणून मोकळा होतो. कागदावर तुला मधे बोलता येत नाही. म्हणून हा कागद.

पवनचक्की सुरू झाली हे तुला कळलंच आहे. कशी झाली ते सावकाश सांगतो. एवढ्या दिवसांत सांगण्यासारखं सुख तेवढंच आहे, ते तरी घाईनं नको.

वरच्या कुरणातला विजेचा पंप वादळात गेला, हे तुला माहीत आहे. खांब आडवे झाले ते अजून आडवेच आहेत, त्यांच्यावर आता वेली चढल्यात. तेव्हापासून खालून ट्रॅक्टरनं टाकी न्यायची. ट्रॅक्टरवाल्याचा मूड असला तर पाणी, नसला तर नाही. गाई कोरड्या हौदाला जीभ लावून उभ्या राहायच्या. दगड चाटायच्या गं. मी तिथे जाणंच टाळायला लागलो होतो.

अशात आमचे चिरंजीव, म्हणजे तुझा लाडका भाचा, रजा काढून आले. आल्या आल्या बूट न काढता म्हणाला, "बाबा, हे टाकीचं किती दिवस चालवणार? जनावरं काढून टाकू, आणि तुम्ही चला." कुठे चला ते म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

जनावरं काढायचा त्याचा हा पहिलाच प्रयत्न नव्हता. गेल्या वर्षी त्यानं व्यापारी आणला होता, ते मी तुला लिहिलं होतं आणि तू हसून हसून लोळलीस असं कळवलं होतंस. माणसं दोर घेऊन उतारावर धावतायत, आमच्या गाई काटेरी झुडपांत शिरतायत, एकाचा बूट चिखलात गेला तो त्याला मिळालाच नाही. शेवटी व्यापारी घाम पुसत म्हणाला, "काका, ही जनावरं धरायला मला सैन्य आणावं लागेल." रिकामा ट्रक घेऊन गेला. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो होतो.

तर मी चिरंजीवांना म्हटलं, अडचण फक्त पाण्याची आहे ना? विहिरीवर आपली जुनी पवनचक्की उभी आहे. तिला वीज लागत नाही, ट्रॅक्टरवाला लागत नाही. मला ती दुरुस्त करू दे. त्यानं खिडकीतून वर चक्कीकडे बघितलं. मग म्हणाला, "ठीक आहे. पाणी आपोआप आलं, तर गाई राहतील." हे त्याचेच शब्द, मी एक कानामात्रा बदललेली नाही. दुसऱ्या दिवशी तर म्हणाला, मीही थांबतो, मदत करतो.

खारू, त्या मुलानं जन्मात कधी शेणाला हात लावला नव्हता. पाचव्या वर्षी शाळेसाठी तुझ्याकडे आला तो तुझाच झाला, सुट्टीत यायचा तो पाहुण्यासारखा, घडीचे कपडे घालून. आणि आता म्हणतो, मदत करतो. मला कसं वाटलं असेल तूच बघ.

कामाला खालच्या रस्त्यावरचा बुटका वेल्डर घेतला. माणूस हसरा, पण उंचीला असा घाबरतो की स्टुलावर चढतानाही डोळे मिटतो. त्यामुळे तो मनोऱ्याखाली उभा राहून हुकूम सोडायचा आणि वर चढायचे आमचे चिरंजीव. कमरेला दोर, तोंडात पाना. मी खाली खुर्ची टाकून बसायचो आणि जीव मुठीत धरून बघायचो. गियरच्या पेटीत पक्ष्यांनी घरटं केलं होतं. ते त्यानं हळूच काढून खाली आणून मला दाखवलं. त्यात आपल्या जुन्या पडद्याच्या दशा निघाल्या, तो निळा, आईच्या खोलीतला. पाती गंजून चाळण झाली होती. वेल्डरनं तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून नवी बसवली. एका पात्यावर अजून पिंपाचा लाल शिक्का आहे, चाक फिरलं की तो डोळा मारल्यासारखा दिसतो.

मग तीन वासे उभे करून, कप्पी लावून, विहिरीतला पाइप उपसला. पाणी वर ओढणाऱ्या दट्ट्याचं कातडं कुजून गेलेलं. बाजारात तसलं मिळेना. तेव्हा मी एक गोष्ट केली, ती तुला न विचारता केली. आपलं दप्तर कापलं. हो, तेच, बाबांनी शिवून घेतलेलं, आधी मी आणि मग तू वापरलेलं, आत तुझी शाई सांडलेलं. इतकी वर्षं कपाटावर होतं. वेल्डर म्हणाला, काका, याच्यासारखं कातडं आता मिळायचं नाही. तेलात भिजवून, वाटीचा आकार देऊन बसवलं. मला वाटलं, आपल्या दोघांच्या दप्तरानं गाईंना पाणी ओढलेलं तुला आवडेल.

कातडं कापताना गुरुजींची कविता आठवली. पुस्तकातली नाही, त्यांनी स्वतः केलेली, वाऱ्यानं शाळेची कौलं उडाली त्या दिवशी फळ्यावर लिहिलेली:

रिकामा हिंडू नकोस, वाऱ्या,
चाकापाशी थांब;
पाणी निजलंय खोल तळाशी,
'ऊठ' म्हणून सांग.

यमक लंगडं आहे, हे तू तेव्हाच उठून गुरुजींना सांगितलं होतंस आणि एकाच खोलीत बसणारी अख्खी शाळा गार झाली होती. गुरुजी म्हणाले होते, "वाऱ्याला यमक कळत नाही, बाळ. तू खाली बस." मी आयुष्यभर मोठमोठ्या कविता पाठ केल्या आणि विसरलो. ही लंगडी मात्र राहिली.

ज्या दिवशी चाकाला अडवून धरणारी शेपटाची तार सोडली त्या दिवशी वारा मध्यम होता. शेपूट उघडलं, चाकानं तोंड वाऱ्याकडे केलं आणि फिरायला लागलं, रेशमासारखं. पेटीत मी काठोकाठ वंगण भरायला लावलं होतं. जरासुद्धा आवाज नाही. पाइपातून आधी तांबडा गंज आला, मग गाळ, मग निवळशंख पाणी. चिरंजीवांनी ओंजळीत घेऊन मला दिलं. मी प्यायलो. लोखंडाची चव होती. एवढं गोड पाणी मी कधी प्यायलो नाही.

हौद भरला. आणि गाई आल्या नाहीत.

उतारावर लांब उभ्या, माना खाली घालून आपल्या चरतायत. वेल्डर म्हणाला, "काका, आमंत्रणपत्रिका छापायची राहिली वाटतं." आम्ही हसलो, पण मला कारण कळलं होतं. तुलाही आता वाचता वाचता कळलं असेल. आपली पवनचक्की कायम कुरकुरायची. वरच्या बेअरिंगची ती कुरकुर पार उताराखाली ऐकू जायची आणि गाईंना तीच पाण्याची हाक होती. कुरकुर आली की जिथे असतील तिथून निघायच्या. विजेचा पंप आला, चक्की थांबली, तरी बांडीसारख्या दोन-चार जुन्या गाईंच्या कानात ती असणारच. बाकीच्या बांडीच्या मागे जातात. मी वंगण घालून हाकच पुसून टाकली होती.

पण हे मी कुणाला बोललो नाही. पोराच्या तोंडावर आनंद होता, त्यात आपली खोट कशाला काढायची? संध्याकाळी वासानं येतील, उद्या शिकतील, असं म्हणून गप्प बसलो.

आठवतंय ना, त्या आवाजाशी आपण काय खेळ केला होता? हौद धुवायला रिकामा केलेला, आणि तू खारीसारखी सरसर वर चढून तार सोडलीस, नुसती गाई पळत येताना बघायला. कुठून कुठून आल्या! आणि रिकाम्या हौदाभोवती उभ्या राहिल्या. वारा पडला, चाक थांबलं. बाबा आले. मला वाटलं आता सोलतात. त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. दोघांच्या हातात बादल्या दिल्या आणि शेवटची कालवड पिऊन होईपर्यंत विहिरीतून पाणी ओढायला लावलं. तुझ्या तळहातांची सालं निघाली. मग एवढंच म्हणाले, "जनावराला हाक मारली की पाणी द्यायचं. नुसतं बोलवायचं नाही." घरातला तेवढा एक नियम कधी कुणी मोडला नाही. पाहुणे आले, त्यांच्या मुलांनी हट्ट केला, तरी हौदात पाणी असल्याशिवाय तार सुटली नाही.

हे सगळं माहीत असलेली माणसं आता दोनच उरली आहेत. एक मी.

त्या संध्याकाळी तुझा फोन आला. मी तुला म्हटलं, पाणी आलं. एवढंच म्हटलं. गाई आल्या नाहीत हे मी सांगितलं नाही, मला ते लागलं होतं म्हणून. तू म्हणालीस, "कुरकुर परत येऊ दे रे दादा, मग बघ कशा येतात गाई." मला भरून आलं. म्हटलं, पोरीला एवढ्या लांबून बरोबर कळलं. मग तू म्हणालीस, पुढची खोली रंगवायला काढली आहे, फिकट पिवळा, खिडकीत झाड आहे, तुझी आरामखुर्ची बरोबर मावते. मी म्हटलं, छान. मला वाटलं, हिवाळ्यात चार दिवस राहायला बोलावते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिरंजीव म्हणाले, "बाबा, एवढं वंगण कशाला? जुना आवाज पाहिजे. गाई त्या आवाजावर येतात ना?" याला कुणी सांगितलं, हे मनात आलं नाही. मनात आलं ते असं, की रक्तात काहीतरी असतं, ते बापाचं पोराकडे आपोआप जातं. असा मी. तो वर चढला, रॉकेलचा बोळा घेऊन बेअरिंग पुसून कोरडं केलं. चाक फिरलं आणि कुरकुरलं. खारू, तोच आवाज. सूरसुद्धा तोच, आधी बारीक, शेवटी ओढलेला. उतारावर बांडीनं मान वर केली. तिला आता धड चालवत नाही, पण ती पळत आली, पोट दोन्ही बाजूंना हलवत, आणि तिच्यामागे सगळा कळप. मी रडलो. वेल्डरही नाक पुसत होता, पण म्हणाला की धूळ आहे.

मग रोज सकाळी हेच. चिरंजीव तार सोडायचे, कुरकुर व्हायची, गाई यायच्या. रोज थोडा कमी वेळ लागायचा. तो घड्याळ बघायचा. मला वाटलं, शहरातली सवय. मग त्यानं हौदाभोवती लोखंडी जाळ्या उभ्या करून घेतल्या, एका बाजूनं आत यायला वाट ठेवून. म्हणाला, चिखल पसरत नाही. वेल्डर जाळी जोडत होता तेव्हा ती सरळ राहावी म्हणून मी धरून उभा होतो. माझ्या या हातांनी.

मंगळवारी वारा चांगला होता. मी पायरीवर चहा घेऊन बसलो होतो. वर कुरकुर सुरू झाली. मी डोळे मिटले आणि गुरुजींच्या ओळी तिच्या ठेक्यावर म्हणत बसलो. ठेका बरोबर लागतो, खरंच. रोजच्यापेक्षा जास्त वेळ चालली होती. म्हटलं, आज तहान फार लागलेली दिसते. मधे इंजिनाचा आवाज आला, तो मला ट्रॅक्टरचा वाटला. चहा निवला तरी मी बसून होतो. इतका सुखी मी तुझी वहिनी गेल्यापासून झालो नव्हतो, हे लिहून ठेवतो, कारण यापुढे ते माझं मलाच खरं वाटणार नाही.

मग काठी घेऊन वर गेलो, त्यांना पिताना बघायला.

चक्की फिरत होती. हौद काठोकाठ भरून वाहत होता. जाळ्यांच्या आत सगळं खुरांनी तुडवलेलं, आणि वाटेच्या तोंडापासून रस्त्यापर्यंत ट्रकच्या चाकांचे चर. वेल्डर दगडावर बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "काका, मला वाटलं तुम्हाला सांगितलंय." हौदापाशी एकटी बांडी उभी होती. व्यापाऱ्यानं तिला घेतली नाही. म्हातारी.

चिरंजीव दुपारी परत आले. मी भांडलो नाही. तू त्याला विचार, आवाजसुद्धा चढवला नाही. त्याला त्याचा शब्द आठवून दिला, पाणी आलं तर गाई राहतील. तो म्हणाला, "पाण्याचं कारण कधी नव्हतंच, बाबा. तुम्ही इथे एकटे पडाल एखाद्या दिवशी आणि कुणाला कळणारसुद्धा नाही. गाई आहेत तोवर तुम्ही हलणार नाही." मी म्हटलं, मग मला चक्की का करू दिलीस? उत्तर माझं मला आलं. गेल्या वर्षी सैन्य लागणार होतं. या वर्षी मी बोलावून दिल्या.

मी एकच विचारलं.

"त्यांनी पाणी तरी प्यायलं का?"

"वेळ नव्हता, बाबा. आणि पोट भरलेलं असलं की ट्रकमध्ये त्रास होतो म्हणे."

तुला कुठे दुखलं का हे वाचून? तळहातांत?

त्यानं तुझं नाव घेतलं नाही. शेवटपर्यंत घेतलं नाही. चांगला मुलगा आहे, माणसाला पाठीशी घालतो. तूच वाढवलास. पण खारू, कुरकुरीचं त्याला मी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी गाई आल्या नाहीत हे त्यानं तुला फोन करून सांगितलं असणार, आणि उपाय तू सांगितलास. मी पुष्कळ प्रयत्न करून बघितला, की तिला कशासाठी ते ठाऊक नव्हतं, नुसती जुनी गंमत म्हणून सांगून गेली. दोन दिवस त्यावरच काढले. पण मग ती पिवळी खोली आठवते. हिवाळ्यात चार दिवसांसाठी कुणी भिंती रंगवत नाही.

माझ्या भल्यासाठी केलंत हे मला मान्य आहे. तुम्ही दोघं मला मारून टाकायला निघाला नव्हतात. पायरीवर घसरून पडेन, ही भीती खरी आहे, मागच्या महिन्यात पडलोही होतो, ते मी लपवलं होतं. समोर बसून म्हणाली असतीस, दादा, गाई दे आणि ये, तर मी नाही म्हणालो असतो, चिडलो असतो, जेवलो नसतो. आणि मग कदाचित एक दिवस दिल्याही असत्या. बांडीच्या मागे उभं राहून, प्रत्येकीला पोटभर पाणी पाजून, माझ्या हातानं दोर दिला असता. तेवढंच हवं होतं. आता काय आहे, तर त्या माझ्या हाकेवर आल्या, आणि हौद भरलेला दिसत असताना तहानलेल्या गेल्या. आपल्या दप्तराच्या कातड्यानं ओढलेलं पाणी होतं ते.

बांडी माझ्याजवळ आहे. बुधवारी वाऱ्यानं चक्की कुरकुरली तशी आली, दोन घोट प्यायली आणि उताराकडे तोंड करून उभी राहिली, बाकीच्यांची वाट बघत. चाक फिरतंय आणि कुणी येत नाही, हे तिला समजेना. मी वेल्डरला बोलावलं, आता तार खालूनच ओढता येते, तिनं शेपूट मिटून घेतलं आणि ती बांधून टाकली. आता मी हौदातून बादली भरून तिच्याजवळ नेतो. अर्धी सांडते, पण तिचं भागतं. पाणी संपेल तेव्हा विहीर आहे, कप्पी आहे. हात अजून आहेत.

चिरंजीव शुक्रवारी गेले. जाताना पाया पडले, मी आशीर्वाद दिला. दिला तो खोटा नव्हता.

खोलीचा रंग वाळला असेल. तिथे तू तुझी शिवणाची मशीन ठेव, उजेड चांगला येतो म्हणालीस ना. मी येणार नाही. तू आता पुन्हा फोन करशील, प्रेमानं 'ये ना रे दादा' म्हणशील, आणि तुझा आवाज अजून तसाच आहे, चौथीतल्यासारखा, माझा पाय उंबऱ्याबाहेर पडेल हे मला माहीत आहे. म्हणूनच सांगतो, बोलावू नकोस. मला आता हाक ऐकू आली की मी आधी हौदामागे कोण उभं आहे ते बघतो. तुझी हाक ऐकून मला तसं बघावं लागू नये.

गुडघ्यांना तेल लावत जा. मेव्हण्यांना नमस्कार.

बांडीला पाणी पाजून मग पाकीट बंद करणारा,
तुझाच
दादा